वासराचा वाटा

जितेश पहिल्यांदा आला तो चुकून. शेजारच्या हिरामणकाकांचा गोठा शोधत थेट आमच्याच गोठ्यात शिरला. मी दूध काढत होते. तांबू बुजली, बादली लवंडली. माफी मागायची सोडून हा विचारतो, “ताई, हिला खनिज मिश्रण देता का?”

तेव्हापासून दर शनिवारी रामवाडीहून थेट आमच्या रोह्यापर्यंत बाईकवर यायचा. पशुखाद्य कंपनीत होता. त्यांची पावडर दूध वाढवते का, ते आमच्या तांबूवर बघत होता. रोज आंबोणातून, म्हणजे भिजवलेल्या खाद्यातून, पन्नास ग्रॅम. दोन महिने या माणसाने फक्त गाईची चौकशी केली. रवंथ करते का, शेण कसं पडतं... मी नवी ओढणी घेतली, अबोली माळली — हा आपला तांबूची जीभ बघतोय. वर ‘नमिताताई’ म्हणायचा. जीव नुसता वैतागला होता माझा.

तरी तो यायला हवा होता. म्हणून मीच एक उद्योग केला. दूध दुसऱ्याच आठवड्यात वाढलं होतं. आमच्याकडे एक सड वासरासाठी सोडतात. मी दुसराही अर्धवट पिळून सोडायला लागले. डेअरीच्या पावतीवर तेच पाच लिटर. फरक दिसेपर्यंत येत राहील, असं मला वाटलं.

गेल्या शनिवारी त्याचा चेहरा उतरलेला होता.

“पावडर फुकट गेली, नमिताताई. सोमवारी तसा रिपोर्ट जाईल. मग माझी बदली... लातूरला.”

“दूध वाढलंय,” मी म्हटलं.

“कुठं हाय?”

“वासराच्या पोटात.”

त्याने वासराकडे बघितलं. चांगलं गुबगुबीत झालं होतं. मी बादली घेऊन बसले आणि एक सड सोडून सगळं काढलं. सहा लिटर. त्याने आकडा लिहिला, वही मिटली.

“का केलंस गो असं?”

‘ताई’ गेली होती एकदाची.

“तुम्ही यावं म्हणून. आवडता मला. एवढंपण कळत नाय?”

“कळत होतं,” तो खाली बघत म्हणाला. “मलापण तू... पण कंपनीच्या कामाला येऊन घरातल्या पोरीशी असं बोललो, तर गावात कोण गोठ्यात घेईल मला? आता काम संपलंय. उद्या आईला घेऊन येतो. ती काय गाय बघायला येणार नाय.”

“सकाळी सहाला आणा,” मी म्हटलं. “तेव्हा माझे हात कोपरापर्यंत शेणात असतात. ते त्यांनी आधीच बघितलेलं बरं.”