पुढचं वाक्य

कोरिएन्तेस गावात दुपारी दोन ते पाच कुणी कुणाचं दार वाजवत नाही. कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. पोरं बाहेर पळायला लागली की आया दटावतात, ‘या वेळेला रस्ता माणसांचा नसतो.’ निदिया मात्र अशाच एका दुपारी थिएटरकडे निघाली होती. काम साधंच होतं. लेओकादियाबाईंचा जांभळा झगा पोचवायचा आणि त्यांचं पाठांतर घ्यायचं.

लेओकादिया मोंतिएल! हे नाव पाटीवर लागलं की सारी तिकिटं संपलीच म्हणायची. राजधानी ब्वेनोस आयरेसमधली पन्नास वर्षांची रंगभूमी, त्रेचाळीस सिनेमे, पार मेक्सिकोपर्यंतचे दौरे. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जिथे सुरुवात झाली त्याच थिएटरात त्या शेवटचा प्रयोग करणार होत्या. निदिया एकतीस वर्षं त्यांचे कपडे, गोळ्या आणि रुसवे-फुगवे सांभाळत आली होती. हल्ली बाईंना शब्द आठवत नसत. हे ठाऊक होतं फक्त त्या दोघींना.

दारात म्हातारा रखवालदार सिरिलो माते, म्हणजे पानांचा गार काढा, नळीने चोखत बसला होता.

“बाई केव्हाच आल्यात,” तो म्हणाला. “जोरात चाललंय पाठांतर. त्या बोलतायत, ती दुसरी सांगतेय.”

“दुसरी कोण?”

सिरिलोने नळी तोंडातून काढली. “मला वाटलं, तूच आहेस.”

आत काळोख होता. रंगमंचावर एकच दिवा, आणि नदीच्या गाळाचा ओला, कुजकट वास. बाई पुढच्या कडेशी उभ्या होत्या. तिथे प्रॉम्प्टरसाठी जुना लाकडी टप होता. पूर्वी त्याच्याखाली माणूस बसून नटांना वाक्यं पुरवी. आता त्याचं तोंड फळ्या ठोकून बंद केलेलं होतं.

बाईंनी एक वाक्य म्हटलं. अडखळल्या. टपाकडे किंचित झुकल्या... आणि पुढचं वाक्य घडाघडा म्हणून टाकलं. निदियाने हातातली संहिता उघडली. काना-मात्रेचाही फरक नव्हता. महिनाभर घोकूनही बाईंना न आलेलं तेच पान.

मग तिलाही ऐकू आलं. कुणा परक्या बाईच्या आवाजातली कुजबूज, घशात पाणी असल्यासारखी. ती गुडघ्यांवर बसली. फळ्यांचे खिळे गंजून लाल झाले होते, वर बोटभर धूळ होती. फटीतून गार वारा तिच्या गालाला लागला.

“बाई... इथं कोण आहे?”

“हळू बोल गं. एर्सिलिया आहे.”

“कोण एर्सिलिया?”

बाई टपावरची नजर न काढता बोलू लागल्या. “एर्सिलिया केव्हेदो. या कंपनीची नायिका. मी वीस वर्षांची, या टपाखाली बसून सगळ्यांना वाक्यं सांगायची. पहिल्याच प्रयोगाला तिला शब्द सुचेना. तिने माझ्याकडे बघितलं. पुस्तक मांडीवर उघडं होतं, निदिया. माझं बोट त्याच ओळीवर होतं.”

“मग?”

“मी ओठ मिटून घेतले. लोक हसले... शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी तिची भूमिका मला मिळाली. तिसऱ्या दिवशी पाराना नदीत ती मिळाली.”

निदियाने संहिता मिटली. “प्रयोग रद्द करू या, बाई. तब्येतीचं सांगू.”

“खुळी आहेस का? ती मदत करतेय मला!” बाई म्हणाल्या. पण त्यांनी निदियाचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली.

रविवारी संध्याकाळी सहाला पडदा वर गेला. निदिया पडद्याच्या दोराशी उभी होती. दोन अंकांत बाई एकदाही चुकल्या नाहीत. लोक डोळे पुसत होते. तिसऱ्या अंकात नाटकातल्या लेकीला निरोप देताना बाई थांबल्या, टपाकडे झुकल्या आणि म्हणाल्या,

“पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं.”

त्या स्वतःच दचकल्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले. हाताने दाबून धरले. बोटांमागून ओठ उघडले आणि पुढचं वाक्य बाहेर आलं. मग त्याच्या पुढचं. एर्सिलियाचं नाव, ते हसू, नदी... सगळं. बाईंच्या नजरेने विंगेत निदियाला शोधलं. पाड, पाड पडदा!

दोर हातातच होता. पण निदियाने पडदा पाडला नाही. सारं थिएटर उठून टाळ्या वाजवत होतं. असा अभिनय त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

अखेर पडदा पडला तेव्हा बाई टपाशी बसलेल्या होत्या. आवाज संपला होता, ओठ मात्र हलत होते. दवाखान्यात चार दिवस ते तसेच हलत राहिले. पाचव्या दिवशी पहाटे थांबले.

दफनाला अख्खं गाव लोटलं. एका वार्ताहराने निदियाला गाठलं. “ते शेवटचं स्वगत कुणी लिहिलं होतं हो?”

“नाटकातलंच होतं ते,” निदिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीपुढे उभी राहिली. मागे रांग नव्हती. बाकांवरही कुणी नव्हतं. आतल्या पोरीने विचारलं, “कुठलं देऊ, मावशी?”

निदियाने तोंड उघडायच्या आत, डाव्या कानाशी अगदी हळू, घशात पाणी असल्यासारखं कुणीतरी म्हणालं, “ब्वेनोस आयरेस...”

“ब्वेनोस आयरेस,” निदिया म्हणाली.

“किती?”

एक, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. कानाशी गार श्वास आला. तिने ओठ आवळले, दातांखाली धरले. ते सुटले.

“दोन,” ती म्हणाली.