हरकत नाही

पळसुलेसर आले तेव्हा मालविका टिपणीस जेवणाचा डबा उघडत होती. तिने तो पुन्हा बंद केला. हल्ली हे नेहमीचंच झालं होतं. कुठल्या तरी देशाचा निवृत्त शास्त्रज्ञ फोन करायचा, नाही तर दारातच यायचा आणि स्वतःच्याच मताविरुद्ध तक्रार करायचा.

आंतरराष्ट्रीय सागरमापन संघाचं जुनं दप्तर नाशिकला होतं आणि मालविका ते सांभाळत होती. देशोदेशींच्या सदस्य समित्या माणसांअभावी ओस पडल्या, तेव्हा संघाने त्यांचा सगळा पत्रव्यवहार यंत्राला वाचायला दिला. त्यातून प्रत्येक देशाचा एक ‘स्मृतिप्रतिनिधी’ तयार झाला. समितीने आजवर काय लिहिलं यावरून ती आज काय म्हणाली असती ते तो ठरवायचा आणि मतही देऊन टाकायचा. बैठका टळल्या म्हणून सगळे खूश होते.

“उपग्रह आहेत म्हणून भरतीमापन केंद्रं बंद करायच्या ठरावाला भारतीय समितीची हरकत नाही म्हणे,” सर खुर्चीत टेकत म्हणाले. “समितीत उरलोय मी एकटा. आणि माझी हरकत आहे! उपग्रहाला समुद्र दिसतो, खाडीच्या आत पाणी कसं चढतं ते नाही दिसत. आंबेखोल गावात पाणी चढल्याचा इशारा देणारा भोंगा तिथल्या केंद्राच्या मोजणीवरच वाजतो. ताई राहते माझी तिथे.”

मालविकाने पडदा त्यांच्याकडे वळवला. पत्रामागून पत्र, खाली त्यांची सही, आणि प्रत्येकात तेच: हरकत नाही.

“अहो, कागदावर कोण भांडतं?” सर वैतागले. “पत्रात गोड लिहायचं आणि खरं काय ते सरचिटणिसांना फोनवर सुनावायचं. तेव्हा बर्नेट होते सरचिटणीस. ठराव गुपचूप गुंडाळला जायचा. सगळेच देश असं करायचे.”

बर्नेट वारले होते. त्यांच्या पत्रव्यवहारातून त्यांचाही स्मृतिप्रतिनिधी केलेला होता. मालविकाने त्याला विचारलं. उत्तर लगेच आलं, अगदी अदबीने: डॉ. पळसुले यांनी कधीही हरकत घेतल्याची नोंद नाही.

सरांनी मग आयुष्यातलं पहिलं हरकतपत्र लिहिलं. मालविकाने ते यंत्राला दिलं.

“सदस्याच्या स्वभावाशी विसंगत,” यंत्राने कळवलं. “पत्र बनावट असण्याची शक्यता.”

मालविकाला सरांची कीव आली आणि स्वतःचा कंटाळाही.

“मी वर कळवते, सर. पण वरही हेच यंत्र वाचतं,” ती म्हणाली. “तुम्ही ताईंना तरी तिथून हलायला सांगा.”

त्यांनी फोन लावला. ऐकू कमी येत असल्याने आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे ताईंचं बोलणं मालविकालाही ऐकू आलं.

“बरा फोन केलास, बापू. भोंगा काढायला माणसं आलीत रे इथे. लोक घाबरलेत. मी म्हटलं, उगाच घाबरू नका, आमचा बापू आहे त्या समितीत, तो हरकत घेतल्याशिवाय राहायचा नाही. घेतलीस ना रे?”