सात रिकामी घरं

रांगेत तो तिच्या पुढे उभा होता, आणि तिच्या वाट्याचं सगळं तोच घेऊन चालला होता.

शुक्रवारची दुपार होती. बाहेर बर्फ आणि पाऊस यांच्यामधलं काहीतरी भुरभुरत होतं. मार्लिस टॉर्गरसननं शाळेची शेवटची मुलं घरी सोडून बस डेपोत लावली होती आणि ती तशीच, ड्रायव्हरचं पिवळं जाकीट अंगावर ठेवून, डेकोरा गावातल्या त्या छोट्या बँकेत आली होती. काउंटरवरची बेव्ह तिला शाळेपासून ओळखत होती. दर शुक्रवारी अर्ध्या डॉलरच्या आणि डॉलरच्या नाण्यांचे, कागदात गुंडाळलेले, असतील तेवढे रोल ती मार्लिससाठी काढायची. गेले दोन महिने मात्र बेव्हचं एकच उत्तर होतं... नाहीत गं, कोणीतरी येऊन सगळे घेऊन गेलं.

तो ‘कोणीतरी’ आज तिच्यासमोर होता. उंच, जरा वाकलेला, हिरव्या लोकरीच्या टोपीतून थंडीनं लाल झालेले कान बाहेर आलेले. बेव्हनं रोल त्याच्याकडे सरकवले आणि मार्लिसकडे बघून ओशाळली.

“म्हणजे ते तुम्ही,” मार्लिस म्हणाली.

तो वळला. डोळे तपकिरी, आणि अपराध करण्याआधीच माफी मागितल्यासारखे. “मी... काय केलं?”

मग मार्लिसनं त्याला सगळं ऐकवलं. तिच्या नाण्यांच्या अल्बममध्ये सात घरं रिकामी आहेत. सत्तर सालचा डेन्व्हरच्या टांकसाळीचा अर्धा डॉलर, सत्त्याऐंशीचा फिलाडेल्फियाचा, त्र्याहत्तरचे दोन्ही मोठे डॉलर आणि एक्क्याऐंशीचे तिन्ही छोटे. ही नाणी व्यवहारात कधी सोडलीच नव्हती. बंद पाकिटातल्या संचांमधून विकली होती. कोणी पाकीट फोडून खर्चून टाकली, तरच ती बँकेत येतात. चार वर्षं ती वाट बघतेय, आणि हे महाशय ऐटीत पिशवी भरून निघालेत.

“दुकानात सगळी मिळतात की,” तो हळूच म्हणाला. “फार महागही नाहीत.”

“मी विकत घेत नाही. कोणाकडून भेट तर मुळीच घेत नाही. मला सापडलं, तरच ते माझं.”

त्यानं मान हलवली. त्याचं नाव अल्डन व्हॉस. पियानो सुरात लावायचं काम करत तो गावोगाव फिरायचा, आणि प्रत्येक गावातल्या बँकेत डोकवायचा. अर्धे रोल तुम्ही ठेवा, असं त्यानं म्हणून पाहिलं. मार्लिस नको म्हणाली. नंतर बेकरीत बसून दालचिनीचा रोल खाताना तिला वाटत राहिलं की हा माणूस नको इतका नम्र आहे. नम्र माणसांचा तिला अनुभव होता.

त्या अनुभवाचं नाव डॅरेल. तीन वर्षांपूर्वी त्यांचं लग्न ठरलं होतं. डॅरेल सारखा काही ना काही आणायचा... हातमोजे, कानातले, एकदा तर नवीन टायर. पुढे कळलं की प्रत्येक भेटीच्या आदल्या दिवशी तो रॉचेस्टरला दुसऱ्या एका मुलीकडे असायचा. तेव्हापासून कोणी फूल जरी पुढे केलं, तरी मार्लिस आधी त्याच्या मागे काय झाकलंय ते बघायची.

पुढच्या शुक्रवारी बँकेत रोल होते. चांगले सहा. मार्लिस ते घेऊन समोरच्या बेकरीत खिडकीजवळ बसली आणि नेहमीसारखी एकेक कागद उलगडत नाण्यांच्या कडा पाहू लागली. साध्या नाण्यांच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ असते. चौथ्या रोलमध्ये एका नाण्याला ती रेघ नव्हती. तिनं ते उलटलं. सत्तर साल. डेन्व्हरचं बारीकसं ‘डी’.

तिच्या तोंडून इतका मोठा श्वास निघाला की पलीकडच्या टेबलावरचा माणूस हसला. तो अल्डन होता. त्यानं कॉफीचा कप किंचित वर उचलला आणि तिनं, नाइलाजानं, मान तुकवली.

त्यानंतर दर शुक्रवारी काहीतरी सापडत गेलं. त्र्याहत्तरचा एक मोठा डॉलर, मग दुसरा, मग एक्क्याऐंशीचे छोटे. आणि दर शुक्रवारी अल्डन पलीकडच्या टेबलावर असायचा. आधी दोन टेबलं सोडून, मग एक, मग तिच्याच टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीवर. चांदीचं नाणं टेबलावर फिरवून तो डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा की हे जरा चढ्या सुरात आहे. मार्लिस म्हणायची, तुमचे कान थंडीनं बधिर झालेत. तो टोपी खाली ओढायचा आणि विचारायचा, “आता?”

ती हसायची. आणि घरी गेल्यावर हसल्याबद्दल स्वतःवर चिडायची.

कारण नशीब तिच्याशी असं कधी वागलं नव्हतं. चार वर्षांत एकही नाही, आणि पाच आठवड्यांत पाच... तिनं रोलचे कागद जपून ठेवले होते. ते दिव्याखाली धरले. ज्या ज्या रोलमध्ये हवं ते नाणं निघालं, त्या प्रत्येकाची टोकं सारख्याच घड्यांनी मिटली होती... बारीक, नेटक्या, वाद्याच्या तारा जपणाऱ्या बोटांनी घालाव्यात तशा. अल्डन हल्ली गुरुवारीच गावात येतो, हे तिला माहीत होतं. तपासून झालेले रोल तो परत बँकेत भरतो, हेही. शुक्रवारी तेच रोल बेव्ह तिच्या हातात ठेवत होती.

का? तिच्या मनात सगळ्या शक्यता येऊन गेल्या. हिला खूश करून काहीतरी मागायचं असेल. गावोगावी अशा चार-पाच मार्लिस असतील. किंवा काहीतरी झाकायचं असेल...

तिनं सापळा लावला. सत्त्याऐंशीचा डेन्व्हरचा अर्धा डॉलर तिच्याकडे केव्हापासूनच होता. तिनं एका चिठ्ठीवर ‘उरलेली’ असं लिहून खाली तेच साल आणि तेच अक्षर लिहिलं आणि चिठ्ठी बेकरीत अल्डनसमोरच्या बशीखाली ‘विसरून’ ती निघून आली.

पुढच्या शुक्रवारी उघडलेल्या दुसऱ्याच रोलमध्ये ते नाणं होतं. नवं कोरं, आरशासारखं. अल्डन त्या दिवशी आला नव्हता. चोरी पकडण्यात मार्लिस जिंकली होती, आणि तिला रडू येत होतं.

शनिवारी सकाळी अल्बम काखेत मारून ती लुथरन चर्चच्या सभागृहात गेली; तिथला पियानो आज अल्डन लावणार होता. आत एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता. अल्डन पियानोच्या पोटात वाकला होता. तिनं ते नाणं त्याच्यासमोर पियानोच्या झाकणावर ठेवलं.

“हे माझ्याकडे आधीपासून आहे,” ती म्हणाली.

त्यानं नाण्यावरचं ‘डी’ बोटानं चाचपलं. “मला वाटलं होतं, तुम्ही फिलाडेल्फिया म्हणाला होतात,” तो म्हणाला. “चिठ्ठी पाहून वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. ऐकण्यात माझी सहसा चूक होत नाही.”

“मस्करी नको. किती जणींना देता असं?”

“एकीला.”

“आणि मला आता कसं कळणार, यातलं मला सापडलेलं कुठलं आणि तुम्ही पेरलेलं कुठलं? चार वर्षं खपले मी. सगळं खोटं करून टाकलंत तुम्ही.”

त्याचा चेहरा उतरला. तो बाहेर गेला आणि गाडीतून एक जुना निळा अल्बम घेऊन आला. कोपरे झिजलेले. आजोबांबरोबर नवव्या वर्षी सुरू केला होता, त्यानं सांगितलं. मागच्या वर्षी पुरा झाला. मग आणखी एक लावायला घेतला, म्हणून बँका फिरत होतो.

मार्लिसनं पानं उलटली. सगळी घरं भरलेली होती, फक्त सहा रिकामी होती. सत्तर डेन्व्हर. सत्त्याऐंशी डेन्व्हर. त्र्याहत्तरचे दोन. एक्क्याऐंशीच्या तीनपैकी दोन. त्या गोल भोकांमागचा पुठ्ठा इतका कोरा होता की तिथून कोणीतरी कालच उठून गेल्यासारखं वाटत होतं.

“मी विकत घेऊनही ठेवू शकलो असतो,” अल्डन म्हणाला. “पण तुम्ही विकतचं घेत नाही म्हणाला होतात. म्हणून वाटलं... निदान माझी द्यावीत.”

“कशासाठी?”

“पहिलं नाणं ठेवलं ते मला अपराधी वाटलं म्हणून. मग तुम्ही तो श्वास सोडलात... त्यानंतर प्रत्येक गुरुवारी मी फक्त शुक्रवारची वाट बघत होतो.”

मार्लिस पियानोच्या बाकावर बसली. तिनं आपला अल्बम उघडला आणि त्याचं एकेक नाणं अंगठ्यानं मागून ढकलून बाहेर काढलं. प्रत्येक नाणं त्याच्या निळ्या अल्बममधल्या त्याच्या घरात बसवत गेली. पाचही, आणि शेवटी झाकणावरचं सहावं. अल्डन बघत उभा होता, हात कोटाच्या खिशात, निरोप ऐकायची तयारी केल्यासारखा.

“समजलं मला,” तो हळू म्हणाला. “बेव्हला सांगून मी पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या गावची बँक—”

“तुला काही समजलेलं नाही.”

तिनं त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं. ते दोघांनाही ऐकू आलं.

“माझी सात घरं पुन्हा रिकामी झाली,” ती म्हणाली. “ती मी माझी भरीन, आणखी चार वर्षं लागली तरी. आणि यापुढे तुला मला काही द्यायचं असेल ना, तर कागदात गुंडाळून, बेव्हच्या हातून नाही. समोर उभं राहून. काय आहे, का आहे, ते सांगून.”

“आत्ता?”

“आत्ता कशाला... म्हणजे... आहे का काही?”

अल्डननं खिशातून हात बाहेर काढला. मुठीत काही नव्हतं. बोटांच्या टोकांवर तारांनी पडलेले घट्टे होते.

“एवढंच आहे,” तो म्हणाला. “तू आवडतेस म्हणून.”

मार्लिसनं त्या तळहाताकडे पाहिलं. सवयीनं, संशयानं, पुढून आणि मागून... कडासुद्धा. मग आपला हात त्यात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.