वरच्या बाणाची कळ

दुपारी तीन वाजता मी स्वतःवरच चरफडत होतो.

दादा कारखान्यात इंजिनियर; तिथल्या आगीत गेला, त्याला चार महिने झाले. चौकशी त्याच दिवशी पाचला बंद होणार होती. 'धोक्याचा भोंगा आधीच बिघडलेला होता, इंजिनियरची चूक नव्हती,' असा जबाब मुकादमानं सकाळी माझ्या कॉम्प्युटरवर टाइप करून दिला होता. तो पोचला नाही, तर सगळं खापर दादावर फुटणार होतं.

जबाब चौकशी अधिकाऱ्याच्या नावानं, म्हणजे फक्त त्यालाच उघडेल असा, कुलूपबंद करून पाठवायचा होता. कमांड टाइप करायचा कंटाळा. वरच्या बाणाची कळ दाबली, जुनी ओळ आली, न वाचता एंटर मारला. ती दादाला फायली पाठवायची ओळ होती. दादाचं कुलूप लाव, त्याला मेल कर, मूळ फाइल पुसून टाक. एका दमात तिन्ही कामं करणारी ही ओळ हौसेनं रचणारा शहाणाही मीच!

"मग उघडा की, भावजी," वहिनी म्हणाली.

"माझ्याकडे फक्त कुलूप आहे. किल्ली एकट्या दादाकडे."

"लावलंत तुम्ही ना?"

"लावणाऱ्यालाही उघडत नाही गं बाई!"

"असली अक्कल गहाण टाकलेली कुलपं करतं कोण?"



दादाची किल्ली त्याच्या गळ्यातल्या पेनड्राइव्हमध्ये असायची. कारखान्यानं तो पेनड्राइव्ह पाकिटातून परत केला, वितळून काळा गोळा झालेला. वहिनीनं तो कपाटाच्या खणात ठेवला होता.

मुकादमाला फोन केला. "येतो की. पुन्हा लिहून देतो," तो म्हणाला. देवमाणूस.

सव्वातीनला मेल आली. दादाच्या पत्त्यावरून.

कुणीतरी चेष्टा करतंय, म्हणून मी संतापलो. फाइल माझ्या कुलपात बंद होती. माझ्या किल्लीनं उघडली. खाली सही होती. ती दादाच्या किल्लीशिवाय होणं शक्य नव्हतं. तीनदा तपासली.

सही खरी. वेळ आजची, तीन बारा.

आत मुकादमाचा जबाब होता, शब्द न शब्द. शेवटी एक ओळ वाढलेली.

"वहिनी, तो खण उघड."

तिनं खण उघडला, गोळ्याला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "भाजलं," ती म्हणाली.

मी पुन्हा ती ओळ वाचली.

'भोंगा मी हातानं वाजवला. मुकादम आला, मला काचेतून पाहिलं आणि दार बाहेरून लावून घेतलं.'

जिन्यात पावलं वाजली. वहिनीनं डोळे पुसले आणि दार उघडलं.

"या, भाऊ."

मुकादम आत आला. चपला काढल्या, माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग मागे न वळता, हात मागे नेऊन, त्यानं दाराची कडी लावली.