तिसरी प्रत

तो मोबाइल आधी उलटा ठेव. आणि तू, मध्येमध्ये खिदळणार असशील तर आत जाऊन झोप. हे माझ्या धाकट्या साडूच्या बाबतीत घडलंय, आणि तो थापा मारणारा माणूस नाही. आळशी आहे, ते वेगळं.

लहान मुलांच्या कॅन्सर हॉस्पिटलात तो कॉम्प्युटर सांभाळतो. त्याच्याआधी तिथे एक काका होते. त्यांची शिस्त म्हणजे शिस्त. सगळ्या माहितीच्या रोज तीन प्रती काढायच्या. दोन हॉस्पिटलात ठेवायच्या आणि तिसरी डिस्क जेवणाच्या डब्यात घालून घरी न्यायची. लोक चिडवायचे, "काय काका, आज कसली भाजी?" काका डबा काखेत मारून चालू पडायचे.

काका गेले. साडूने खांदा दिला, त्यांची खुर्ची घेतली आणि डिस्क घरी न्यायचा कंटाळा केला. तिन्ही एकाच कपाटात. तेही कॉम्प्युटरच्या शेजारी! आता काय बोलायचं या माणसाला?

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्री फोन आला, कॉम्प्युटरची खोली पेटली. साडू धावला. आग विझली होती, माणूस कोणी दगावला नव्हता. पण कॉम्प्युटरचा आणि कपाटाचा पार कोळसा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "पहाटे सात मुलांना औषध चढवायचंय. कोणाला आजवर किती गेलं, सगळं कॉम्प्युटरमध्येच होतं. जास्त गेलं तर मूल जाईल, थांबवलं तरी जाईल. तिसरी प्रत कुठाय?"

 साडू तोंडाला येईल ते बोलला, "काकांच्या घरी."

आणि निघाला. करणार काय? एखादी जुनी डिस्क सापडली तर सापडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. काकांच्या घरात दिवा चालू होता. बेलकडे हात जायच्या आतच काकूंनी दार उघडलं.

"ये. हे आत्ताच ठेवून गेले."

"कोण, काकू?"

"कोण म्हणजे? हे."

बिचाऱ्या एकट्या राहतात, भ्रम झाला असेल, असं त्याला वाटलं. 

काकूंनी टेबलाकडे बोट दाखवलं.

डिस्क होती. वर त्याच्याच अक्षरातलं लेबल. आजची. संध्याकाळची.

कपाटातली.

त्याने उचलली. गरम...

"काकू..."

त्या रडत होत्या. "रोज घरी न्यायला एवढं काय जड होतं रे तुला?"

त्याने डिस्क रुमालात गुंडाळली. 

"हात फार भाजलेत त्यांचे..."

सातही मुलं वाचली. डिस्क उघडली, सगळं जिथल्या तिथे होतं. कसं, ते मला विचारू नका.

पण ती डिस्क मी पाहिलीय. या डोळ्यांनी. वरचं प्लास्टिक वितळून पुन्हा घट्ट झालंय. त्यात बोटांचे ठसे रुतलेत. एका बाजूला चार. दुसऱ्या बाजूला अंगठा.

आणि अंगठ्याच्या खळग्यात...

कातडी चिकटलीय. माणसाची.