ओमेशच्या लेखाला धुरे

धानावर पडणाऱ्या तुडतुडे किडीवरचा तो लेख लोकांनी शेवटपर्यंत वाचला, तर गोरेगावच्या शेतकरी गटाची वेबसाइट टिकणार होती आणि तिथले लेख नीट करणाऱ्या रेणूची नोकरीही. नाही तर दोन्ही बंद. म्हणून फुलचूरहून निघालेल्या एसटीत ती मोबाइलवर तोच, अजून साइटवर न लागलेला लेख वाचत होती... आणि जांभया देत होती.

"झोप येऊन राहिली काय, मॅडम?" शेजारच्या तरुणानं विचारलं.

"काय करू, भाऊ? या लिहिणाऱ्याला श्वास घ्यायचं माहीतच नाही. अख्खा लेख एका परिच्छेदात!"

"लिहिणारा मीच. केशोरीचा ओमेश. तुमच्याच हापिसात येऊन राहिलो." मग हळूच — "आन् भाऊ नका म्हणू."

रेणू लाजली, पण हरली नाही. ऑफिसात तिनं लेख संगणकावर उघडला.

"तुडतुडे दिसताच धानाच्या बांधीतलं पाणी काढा, ही खरी गोष्ट सतराव्या ओळीत! तोवर कोण थांबेल?"

"पाच वर्सं धान राखून शिकलो हे. एक शब्द कापू देणार नाही."

"शेती किती तुमची?"

"पाच एकर."

"सगळी एकच बांधी? मधे मातीचे धुरे घालून तुकडे नाहीत केले?"

"एकच काऊन करीन? पाणी थांबन काय मंग?"

बोलला आणि त्याची नजर स्क्रीनवरच्या आपल्या अखंड परिच्छेदावर गेली. त्यानं माउस तिच्याकडे सरकवला. बोटांना बोटं लागली... कुणीच घाई केली नाही.

'पाणी काढा' सगळ्यात वर गेलं, ठळक अक्षरात. चारशे शब्द कापून खाली चार-चार ओळींचे परिच्छेद, प्रत्येकाला मथळा, मधे मोकळी जागा. पुढच्या आठ दिवसांत ओमेश एकेका स्वल्पविरामासाठी तीनदा गोरेगावला आला.

लेख साइटवर लागला आणि तिसऱ्या दिवशी उदाराम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. रेणूनं स्पीकर लावला.

"पोरी, पुरा वाचलो. चार बांध्यांतलं पाणी काढूनच फोन करून राहिलो!"

असे साठ फोन आले. साइट टिकली. ओमेशची छाती शर्टात मावेना.

"आता मी इथं कायले येऊ?" तो दारातच घुटमळला. "म्हणजे... तुमीच येता काय केशोरीले? कायमच्या?"

"बसा आधी," रेणू म्हणाली. "हो म्हणायला मला एवढा वेळ लागत नाही."

हिशेब असा, की ओमेशचे चारशे शब्द गेले. रेणूचा गेला तो खेड्यात लग्न न करण्याचा हट्ट, घरच्यांशी भांडून सहा वर्षं जपलेला. जास्त किंमत तिनंच मोजली, तीही मान ताठ ठेवून.