उत्तरेच्या भिंतीची वीतभर जाडी

बसा हो, बसा. पाऊस काही लगेच थांबत नाही, आणि चहा टाकलाय मी. तोवर आमच्या ओकन्हॅमच्या थर्झाची गोष्ट सांगतो. गोष्ट प्रेमाची आहे, पण ऐकता ऐकता कपाळाला हात लावाल, हे आधीच सांगून ठेवतो.

एका शनिवारी चर्चमध्ये फुलं ठेवायची पाळी थर्झाची. एका हातात बादली, काखेत डेलियाचा भारा, कोपरानं दार ढकलून आत शिरते तो काय... मधल्या वाटेवर एक माणूस उताणा पडलेला. डोळे सताड उघडे. तिला वाटलं, गेला हा. बादली सुटली, पाणी थेट त्याच्या पाठीखाली वाहिलं.

"हलू नका," मेलेला माणूस म्हणाला. "तुम्ही माझ्या मापाच्या रेषेवर उभ्या आहात."

"आणि तुम्ही माझ्या पाण्यात पडलाय."

त्याचं नाव ऑब्री फेन. जुन्या चर्चांचा इतिहास लिहायचा. कुठली कमान कुठल्या शतकातली, कुठला खांब मागाहून घुसडलाय, हे हुडकत गावोगाव फिरायचा. कोट कोपरावर फाटलेला, केसांत चुना. पण छताच्या तुळयांकडं बघायला लागला की चेहरा असा उजळायचा, की थर्झाच्या मनात यायचं, आपण तुळई असतो तर बरं झालं असतं.

त्याला मापाच्या टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. चर्चची किल्ली थर्झाकडं, कारण तिचा बाप, जोसाया गॅरड, चर्चचा कारभारी. म्हणून टोकही तिच्याकडं आलं. महिनाभर पोरगी टोक धरून उभी. नवा निळा झगा घातला, तर हा म्हणतो, निळा रंग बरा, दगडावर उठून दिसतो, टोक कुठंय ते कळतं. आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

शेवटी उरली उत्तरेची भिंत. तिला ना दार ना खिडकी, म्हणून जाडी सरळ मोजता येईना. चर्चची बाहेरून रुंदी मोजायची, आतून मोजायची, मग वजाबाकी. ही भिंत झाली की मी मार्शकोटच्या चर्चला चाललो, असं तो चीजचं सँडविच खाता खाता खुशाल सांगून मोकळा झाला. थर्झानं आपलं अर्धं सँडविच तसंच खाली ठेवलं.

त्याच दुपारी गांधीलमाशी आली आणि टोक धरलेला थर्झाचा हात सरकला. हिशेब जुळेना. ऑब्री डोकं खाजवत म्हणाला, गुरुवारी परत मोजू. थर्झानं गांधीलमाशीचे मनोमन आभार मानले... आणि गुरुवारी माशीची वाट पाहिली नाही. कोपऱ्याआड तिचा हात त्याला दिसत नव्हता, तिनं टोक हळूच भिंतीच्या कडेपलीकडं सारलं. परत जुळेना. परत यायचं ठरलं. तोवर दोघं थडग्यांच्या मधल्या गवतात बसून तिच्या आईचा केक खायचे, आणि तो तिला कमानींबद्दल सांगायचा. कमानींबद्दल. मला नुसतं आठवलं तरी राग येतो.

पण लबाडी करायची तर नीट तरी करावी. हिला सवय लागली. दर वेळी बरोब्बर एक वीत सारायला लागली. आणि एक दिवस माप मागच्या मापाशी जुळलं.

ऑब्री तर नाचलाच. भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा वीतभर जाड! म्हणजे हिच्या पोटात अजून जुनी भिंत आहे, फ्रान्सातून नॉर्मन यायच्या आधीची, सॅक्सन राजांच्या काळातली. गावात वाऱ्यासारखी बातमी. पाद्रीसाहेबांनी 'सॅक्सन भिंत' अशी पाटी रंगवून घेतली. मार्शकोटवाल्यांची तोंडं आंबली. गावाच्या सुगीच्या जेवणात ऑब्री सगळ्यांपुढं बोलणार असं ठरलं.

थर्झाची झोप उडाली. गप्प बसावं, तर हा आयुष्यभर थापाड्या ठरणार. सांगावं, तर हा तोंड बघणार नाही. जेवणाच्या दिवशी तिनं त्याला चर्चच्या दारातल्या देवडीत गाठलं. बाहेर पन्हळीतून पाणी कोसळत होतं.

"मिस्टर फेन, ती भिंत जाड नाहीये."

"आहे. वीतभर."

"ती वीत माझी आहे." तिनं हात पसरून पुढं धरला.

तो त्या हाताकडं बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा दगड सोडून दुसऱ्या कशाकडं तरी.

"पण... का?"

"का म्हणजे? आठशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला कळतं. अन् समोर बाई उभी आहे उन्हातान्हात, ती काही टेपच्या हौसेनं उभी आहे का?"

ऑब्रीनं हातातली टेप खिशात ठेवून दिली.

"माप चुकलं की मी चिडतो," तो हळूच म्हणाला. "इथं मात्र... दर वेळी शीळ घालत घरी जायचो. मला वाटायचं, इथली हवा चांगली आहे."

"हवा?" थर्झा म्हणाली. "अरे देवा. तू खरंच आहेस तरी कसा?"

तो 'तू' त्यानं ऐकला. पसरलेला हात अजून तसाच होता, तो त्यानं धरला. टेपशिवाय.

मग गेला सुगीच्या जेवणाला आणि उभा राहून म्हणाला, चूक माझी, भिंत साधीच आहे. ऐकतंय कोण! जोसाया उठला आणि म्हणाला, पोरा, आमची भिंत आम्हाला शिकवू नकोस. पाद्रीसाहेबांनी त्याच्या नम्रतेचं कौतुक केलं. पाटी तशीच आहे. पुढं छापलेल्या पुस्तकात त्यानं खरं तेच लिहिलंय, पण गावात ते कुणी उघडलं नाही, म्हणून शांतता आहे.

आता दोन रविवार झाले, चर्चमध्ये थर्झा आणि ऑब्रीची नावं लग्नासाठी वाचली जातायत. उद्या तिसरा आणि शेवटचा. पाद्रीसाहेब विचारतील, या लग्नाला कुणाची हरकत आहे का. तुम्ही येणारच, आणि जागा मिळेल ती जोसायाच्या मागच्या बाकावर. तुम्हाला आता सगळं ठाऊक झालंय, जोसायाला मात्र ती वीत कुणाची ते अजून ठाऊक नाही. तेव्हा हात जोडून एवढंच मागतो... त्या वेळी खोकलासुद्धा आला, तर तो गिळा.